डिस्प्लेचं पेटंट आणि ‘हे तर कुणालाही सुचलं असतं’ हा आक्षेप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाकण-भोसरीत गाड्यांचे क्लस्टर (चालकासमोरचे डिस्प्ले) आणि मीटर बनवणारे कारखाने, हिंजवडीतल्या डिझाइन टीम आणि इंजिनिअरिंग कॉलेजांतले प्रोजेक्ट गाइड यांच्याकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कायदा भारताचा धरला आहे. बाहेरच्या देशांचा उल्लेख फरक पडतो तिथेच केला आहे.

१. आमच्या एफईआरमध्ये ‘इन्व्हेंटिव्ह स्टेप नाही’, म्हणजे शोधात कल्पक पाऊल नाही, असा शेरा आलाय. अर्ज गेला का?

नाही. एफईआर हा पहिला तपासणी अहवाल, निकाल नव्हे. त्याच्या तारखेपासून सहा महिन्यांत उत्तर द्यायचं असतं आणि मग बहुधा सुनावणी लागते. महाराष्ट्रातले अर्ज मुंबईच्या पेटंट ऑफिसकडे जातात. सुनावणी व्हिडिओवर होत असल्याने पुण्याहून जावंही लागत नाही.

शेऱ्याचा आधार पेटंट कायदा १९७० मधलं कलम २(१)(जेए) आहे. त्यात दोन अटी आहेत. आधीच्या ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती हवी किंवा आर्थिक महत्त्व हवं, दोन्ही असलं तरी चालतं. शिवाय त्यामुळे शोध त्या क्षेत्रातल्या जाणकाराला सहज सुचणारा नसावा. बरीच उत्तरं पहिल्या अटीवर दहा पानं लिहितात आणि दुसरीला दोन ओळी देतात. आक्षेप खरा असतो दुसरीवर.

२. वस्तू नवी आहे हे पेटंट ऑफिसवालेच मान्य करतात. मग नाकारतात कशाच्या जोरावर?

नावीन्य नाही असं ठरवायला क्लेममधला (अर्जात ज्यावर हक्क मागितला आहे त्या वर्णनातला) प्रत्येक घटक एकाच जुन्या कागदात सापडावा लागतो. एक घटक जरी सापडला नाही, तरी वस्तू नवी ठरते. इन्व्हेंटिव्ह स्टेप तपासताना मात्र एक्झामिनर (अर्ज तपासणारा अधिकारी) दोन-तीन कागद एकत्र ठेवू शकतो, त्यात क्षेत्रातलं सर्वसाधारण ज्ञान मिळवू शकतो आणि विचारू शकतो की हे सगळं हाताशी असलेला माणूस तुमच्या क्लेमपर्यंत पोचला असता का. एफईआरमध्ये या जुन्या कागदांना डी१, डी२ असे क्रमांक असतात. म्हणून ‘डी१ मध्ये आमचा सेन्सर नाही’ एवढं उत्तर इथे पुरत नाही. तो सेन्सर तिथे आणून बसवायला कुणाला काही कारण होतं का, याचं उत्तर द्यावं लागतं.

३. प्रायर आर्टमध्ये (आधीच उपलब्ध असलेल्या ज्ञानात) फक्त पेटंट धरतात का?

तुमच्या प्रायॉरिटी तारखेआधी (क्लेमला जी पहिल्या अर्जाची तारीख मिळते, तिच्याआधी) जगात कुठेही प्रसिद्ध झालेलं काहीही चालतं: पेटंट अर्ज, शोधनिबंध, पॅनल कंपनीची डेटाशीट, ड्रायव्हर आयसीचं (पॅनल चालवणाऱ्या चिपचं) ॲप्लिकेशन नोट, तारीख सिद्ध करता येणारा मोबाइल उघडून दाखवण्याचा व्हिडिओ. डिस्प्लेच्या क्षेत्रात सोसायटी फॉर इन्फर्मेशन डिस्प्लेच्या वार्षिक परिषदेतले निबंध न पाहता अर्ज करणं मला फार जोखमीचं वाटतं, कारण कंपन्या नवीन गोष्ट बऱ्याचदा तिथेच आधी मांडतात.

शोध घेताना नुसते शब्द टाकू नका, पेटंटांच्या वर्गीकरणाचे कोड वापरा. लिक्विड क्रिस्टलच्या रचनेसाठी जी०२एफ १/१३, एलसीडी चालवण्याच्या पद्धतींसाठी जी०९जी ३/३६, टचसाठी जी०६एफ ३/०४१. ओएलईडी डिस्प्लेचं बरंच साहित्य आता एच१०के ५९ मध्ये आहे, त्यामुळे जुन्या एच०१एल मध्येच शोधाल तर नवे अर्ज निसटतील. एस्पेसनेट आणि पेटंटस्कोप या पेटंट शोधायच्या वेबसाइट फुकट आहेत. जपानी आणि कोरियन अर्जांचं यांत्रिक भाषांतर वाचायला कंटाळू नका, या क्षेत्राचा मोठा ठेवा तिथे आहे.

एक बारकावा. कुठेही प्रसिद्ध न होता नुसत्या वापरात असलेल्या गोष्टीबद्दल आपला कायदा भारतातला वापर पाहतो. जपानमधल्या रेल्वे स्टेशनवर एखादा फलक चालू होता, पण त्याबद्दल कुठे छापून आलं नाही, तर इथे तो त्या नात्याने प्रायर आर्ट होत नाही. युरोपात होऊ शकतो, २०१३ नंतरच्या अमेरिकेतही होऊ शकतो. बाहेर अर्ज करणार असाल तर हे आधीच लक्षात घ्या.

४. ‘जाणकार’ म्हणजे कोण? आमचे सीनिअर इंजिनिअर चालतील का?

हा कायद्याने कल्पिलेला माणूस आहे. त्याला क्षेत्रातलं सगळं प्रचलित ज्ञान आहे, हातात कसब आहे, नेहमीचे प्रयोग तो करतो, पण कल्पकतेची झेप त्याच्याकडे नाही. तुमचे सीनिअर इंजिनिअर त्याच्यापेक्षा बहुधा हुशार असतील. ‘मला तर लगेच सुचलं’ असं ते म्हणाले तरी त्यावरून काही ठरत नाही.

डिस्प्लेत हा जाणकार अनेकदा एकटा नसून टीम असते: ऑप्टिक्सवाला, ड्रायव्हर इलेक्ट्रॉनिक्सवाला, पॅनलच्या प्रोसेसमधला. क्लेम गाडीच्या क्लस्टरचा असेल, तर या टीममध्ये वाहन इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस आहे की नाही, यावर अर्धा निकाल फिरतो. उत्तरात ही टीम तुम्ही स्वतः ठरवून कारणासह लिहा. नाहीतर ती समोरचा ठरवेल.

५. ठरवायची काही पद्धत आहे, की सगळं कंट्रोलरच्या (निर्णय देणाऱ्या पेटंट अधिकाऱ्याच्या) मनावर?

पद्धत आहे. रोश विरुद्ध सिप्ला प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१५ मध्ये पाच पायऱ्या सांगितल्या. जाणकार कोण ते ठरवा. क्लेममागची कल्पक गोष्ट कोणती ते ओळखा. प्रायॉरिटी तारखेला त्या जाणकाराला काय ठाऊक होतं ते मांडा. जुनं ज्ञान आणि क्लेम यांतला फरक शोधा. मग तो फरक त्याला सहज पार करता आला असता, की तो पार करायला उत्तर आधीच माहीत असावं लागतं, ते ठरवा.

प्रकरण कर्करोगाच्या औषधाचं होतं, पण पायऱ्या डिस्प्लेलाही तशाच लागू होतात. योगायोग असा, की एलसीडीच्या ज्या ट्विस्टेड नेमॅटिक रचनेवर घड्याळं आणि कॅल्क्युलेटर चालले, तिचा अर्ज डिसेंबर १९७० मध्ये याच रोश कंपनीने केला होता. तिच्या बाझलच्या प्रयोगशाळेत शाट आणि हेल्फरिश यांनी ते काम केलं.

सगळ्यात जास्त चुका पाचव्या पायरीवर होतात. तुमचा अर्ज वाचून झाल्यावर मागे वळून पाहिलं की जुने कागद आपोआप एका रांगेत लागतात. त्या तारखेला ती रांग कुणाला दिसत होती का, एवढंच विचारायचं असतं.

६. एखादं उदाहरण पूर्ण सोडवून दाखवाल का?

काल्पनिक पण ओळखीचं वाटेल असं घेऊ. दुचाकीचा टीएफटी (रंगीत एलसीडी) क्लस्टर आहे. थेट उन्हात प्रकाश साधारण एक लाख लक्स असतो आणि रात्री जवळजवळ शून्य, म्हणून बॅकलाइट (पॅनलमागचा दिवा) कमी-जास्त करायला प्रकाश सेन्सर लागतो. सेन्सरसाठी कडेला भोक ठेवलं की त्यात चिखल आणि पाणी जातं. म्हणून सेन्सर एलसीडीच्या मागे, बॅकलाइटच्या रिफ्लेक्टरमध्ये बसवला. पण मग सेन्सरला स्वतःचाच बॅकलाइट दिसतो.

पहिला क्लेम: एलसीडीमागे सेन्सर, आणि बॅकलाइट पीडब्ल्यूएमने (उजेड कमी-जास्त करायला दिवा भराभर चालू-बंद करण्याच्या पद्धतीने) बंद असतो त्या क्षणीच रीडिंग. समजा डी१ म्हणजे कडेला सेन्सर असलेला कारचा क्लस्टर, आणि डी२ म्हणजे ओएलईडी स्क्रीनखाली सेन्सर ठेवून पिक्सेल बंद असतानाच्या फटीत रीडिंग घेणारा मोबाइल. डी२ नेमकी हीच अडचण सोडवतो: स्क्रीनचा स्वतःचा प्रकाश सेन्सरवर पडतो. जाणकाराला तो कागद उघडायला कारण आहे आणि त्यातलं उत्तर बॅकलाइटला लावायला विशेष अडचण नाही. माझ्या मते हा क्लेम टिकणं कठीण.

दुसरा क्लेम: वरचं सगळं, शिवाय सेन्सरच्या वरच्या पिक्सेलांची ग्रे लेव्हल (काळ्या-पांढऱ्यामधली पायरी) घेऊन रीडिंग दुरुस्त करणं. इथे गोष्ट बदलते. ओएलईडीत पिक्सेल बंद असताना स्क्रीनमधून किती प्रकाश आत येतो हे चित्रावर अवलंबून नसतं. रंगीत एलसीडी मुळात शंभरातले पाच-दहा भाग प्रकाशच जाऊ देतो, आणि तोही वर काळं चित्र आहे की पांढरं यावर ठरतो. म्हणजे ही अडचण डी२ मध्ये नाहीच, त्यामुळे तिचं उत्तरही नाही. पण एक्झामिनर म्हणेल, एलसीडी ही प्रकाशाची झडप आहे हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही माहीत असतं. रीडिंग चित्राबरोबर हलताना दिसलं की त्याने भागाकार केलाच असता. हा क्लेम कुंपणावर आहे. क्लेम नुसत्या सूत्राचा लिहिला, तर वर कलम ३(के) चा, म्हणजे नुसत्या गणिती पद्धतीला पेटंट नाही हा, आक्षेपही येईल. रचना आणि तिचा परिणाम धरून लिहा.

तिसरा क्लेम: थंडीत लिक्विड क्रिस्टल हळू हलतात, त्यामुळे चित्र बदलल्यावर हिशेबातली ग्रे लेव्हल आणि पॅनलची खरी अवस्था काही काळ जुळत नाहीत. म्हणून पॅनलचं तापमान पाहून ठरावीक वेळ थांबायचं आणि मगच रीडिंग धरायचं. ही अडचण दुसरा उपाय करून पाहिल्याशिवाय कुणाला भेटतच नाही. डी१ किंवा डी२ मध्ये तिचा मागमूस नसेल, तर अडचण ओळखण्यातच कल्पकता आहे असं ठामपणे मांडता येतं. लेहच्या थंडीत दुरुस्तीशिवाय बॅकलाइट कसा फडफडतो आणि दुरुस्तीनंतर कसा स्थिर राहतो, याची मोजमापं मूळ अर्जात असतील तर बाजू आणखी भक्कम होते.

ती मोजमापं पहिल्या दिवशीच अर्जात असावीत यासाठी मी एवढा जीव तोडून सांगतो. कलम ५९ प्रमाणे नंतर क्लेम आखडता घेता येतो, खुलासा करता येतो. अर्जात नसलेली नवी गोष्ट घालता येत नाही. ज्या इंजिनिअरने बेंचवर बसून अडचण शोधली, त्याने ती लिहूनच ठेवली नाही, तर सुनावणीत त्याच्या वतीने बोलायला काही उरत नाही.

७. डी१ टीव्हीचा, डी२ मोबाइलचा, आमची वस्तू दुचाकीची. हे जोडता येतात का?

जोडता येतात, पण कारण द्यावं लागतं. सगळं डिस्प्लेच आहे हे पुरेसं कारण नाही. दोन्हींत एकच अडचण आहे का, एकाने दुसऱ्याकडे पाहावं असा इशारा कुठे आहे का, जोडल्यावर ते चालेल अशी वाजवी आशा होती का, हे पाहायचं. दुचाकीत कंपन, पाणी, ऊन आणि बॅटरीची मर्यादा असते. टीव्हीचा उपाय पंखा किंवा मोठा हीटसिंक गृहीत धरत असेल, तर तो इथे जसाच्या तसा बसत नाही हे आकड्यांनी दाखवा. युरोपात हाच मुद्दा ‘करू शकला असता’ आणि ‘केलंच असतं’ या भेदातून मांडतात. आपल्याकडच्या उत्तरांतही तो भेद उपयोगी पडतो.

८. बदल फारच छोटा आहे. छोटा म्हणजे सहज सुचणारा का?

तसं समीकरण नाही. बिश्वनाथ प्रसाद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सांगितलं की कारागिराच्या नेहमीच्या सुधारणेपेक्षा काहीतरी जास्त हवं. तिथे भांडी घडवताना लेथवर धरण्याच्या साधनाचं पेटंट टिकलं नाही. उलट २०२२ मध्ये एव्हरी डेनिसनच्या प्लास्टिक फास्टनरबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने नकार रद्द केला आणि साधे बदलही कल्पक असू शकतात हे मान्य केलं. बदल केवढा आहे यापेक्षा त्याच्याकडे जायला काय कारण होतं, हे महत्त्वाचं.

ओएलईडीचं पाहा. सेंद्रिय पदार्थ विजेने चमकतात हे १९६० च्या दशकात अँथ्रासिनच्या स्फटिकांवर दिसलं होतं, पण त्याला शेकडो व्होल्ट लागत. १९८७ मध्ये कोडॅकच्या टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी दोन पातळ थर एकावर एक ठेवले आणि ते दहा व्होल्टच्या आत चमकवून दाखवलं. रेखाटलं तर एक जादा थर, बाकी काही नाही.

९. वीस वर्षं कुणाला सुचलं नाही, हा मुद्दा चालतो का?

चालतो. प्रश्न ८ मधल्या एव्हरी डेनिसन निकालात जुना कागद आणि नवा शोध यांतलं अंतर ही एक कसोटी मानली आहे. पण हा मुद्दा दुधारी आहे. दोन्ही इलेक्ट्रोड एकाच काचेवर ठेवून लिक्विड क्रिस्टल आडवे फिरवायची कल्पना १९७० च्या दशकात छापून आली होती, आणि या तत्त्वावरचे, बाजूनेही नीट दिसणारे आयपीएस पॅनल १९९० च्या दशकात आले. मधल्या काळात कुणाला सुचलं नाही असं म्हणावं, की मनगटी घड्याळाला बाजूने पाहायची गरजच नव्हती असं म्हणावं? गरज आधीपासून होती, लोक झगडत होते आणि तरी उपाय सापडला नव्हता, हे दाखवलंत तरच त्या वर्षांना वजन येतं.

१०. आम्ही फक्त एक आकडा बदललाय. पेटंट मिळेल?

बहुधा नाही. पीडब्ल्यूएमची वारंवारता २० किलोहर्ट्झच्या वर नेली आणि सिरॅमिक कपॅसिटरची शिट्टी थांबली, हे अपेक्षितच आहे. त्यावरचं आपल्याला ऐकू येत नाही. निवडलेल्या पट्ट्यात अपेक्षेबाहेरचा परिणाम मिळत असेल आणि पट्ट्याच्या दोन्ही बाजूंची तुलनात्मक मोजमापं असतील, तर विचार करा.

११. टच, सेन्सर आणि बॅकलाइट एकाच मॉड्यूलमध्ये बसवलेत. हा शोध होतो का?

प्रत्येक भाग आपापलं जुनं काम एकमेकांपासून स्वतंत्रपणे करत असेल, तर कलम ३(एफ) आडवं येतं आणि इन्व्हेंटिव्ह स्टेपपर्यंत जायची वेळच येत नाही. भाग एकमेकांवर अवलंबून असतील, जसं टचचं स्कॅनिंग एलसीडीच्या ब्लँकिंग काळातच (दोन चित्रांमधल्या रिकाम्या वेळेत) करून विद्युत नॉइज टाळणं, तर तो संबंध क्लेममध्ये लिहा. वर्णनात लिहून क्लेममध्ये विसरणं ही फार सर्रास होणारी चूक आहे.

१२. डी१ मध्येच ‘असं करू नये’ असं लिहिलंय. मग तर आम्ही जिंकलो ना?

चांगला मुद्दा आहे, पण वाक्य पूर्ण वाचा. ‘हे महाग पडतं’ किंवा ‘दुसरा पर्याय बरा’ असं लिहिलेलं असेल, तर ती फक्त नापसंती. ‘असं केल्यास पॅनल खराब होतं’ असं कारणासह लिहिलं असेल आणि तुम्ही तेच करून पॅनल टिकवला असेल, तर मुद्दा ठोस आहे.

१३. माल भरपूर विकला जातोय. ‘आर्थिक महत्त्व’ म्हणून चालेल?

पूरक पुरावा म्हणून. खप तुमच्या तांत्रिक फरकामुळे आहे, भाव, डीलर किंवा जाहिरातीमुळे नव्हे, हे दाखवावं लागतं. आणि तरीही ‘सहज सुचणारं नाही’ ही अट सुटत नाही (प्रश्न १).

१४. अमेरिकेत मंजूर झालंय. इथे का अडवतात?

प्रत्येक देश आपल्या कायद्याने ठरवतो. तिथला निकाल इथे बंधनकारक नाही, पण तिथे कोणते कागद पाहिले आणि कोणत्या युक्तिवादावर क्लेम सुटला, ते उपयोगी पडतं. तिथेही कसोटी सैल नाही: २००७ मध्ये केएसआर प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गाडीच्या ॲडजस्टेबल पेडलला इलेक्ट्रॉनिक सेन्सर जोडण्याचा क्लेम सहज सुचणारा ठरवला. वाहन क्लस्टरवाल्यांनी तो निकाल जरूर वाचावा.

१५. आमच्याच विद्यार्थ्याचा प्रबंध आमच्याविरुद्ध लावलाय. असं होऊ शकतं?

होतं, आणि पुण्यात तर वारंवार होतं. प्रबंध शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात) किंवा वाचनालयात खुला झाला, की तो प्रसिद्ध झाला. लेखक कोण याने फरक पडत नाही. कलम ३१ मध्ये बारा महिन्यांची सवलत आहे, पण ती सरकारने अधिसूचित केलेलं प्रदर्शन आणि विद्वत्सभेपुढे वाचलेला निबंध अशा मोजक्या गोष्टींपुरती. कॉलेजचं नेहमीचं प्रोजेक्ट प्रदर्शन त्यात आपोआप बसत नाही. ग्राहकाला डेमो देणार असाल तर गुप्ततेचा करार आधी करा. सगळ्यात सुरक्षित क्रम म्हणजे आधी अर्ज, मग व्हायवा.

१६. समोर लावलेला अर्ज आमच्याआधी दाखल झाला, पण प्रसिद्ध आमच्यानंतर झाला. चालेल का?

त्याच्या क्लेममध्ये तुमची गोष्ट आधीच असेल, तर कलम १३ खाली नावीन्यावर आक्षेप येतो. पण तुमच्या तारखेला तो जाणकाराला वाचायला मिळूच शकत नव्हता, म्हणून दुसऱ्या कागदाशी जोडून इन्व्हेंटिव्ह स्टेपविरुद्ध वापरता येत नाही. एफईआरमध्ये कागदांच्या प्रसिद्धीच्या तारखा एकेक करून तपासा. ही चूक सापडली, तर एक आक्षेप तिथेच गळतो.

१७. प्रोव्हिजनलनंतर (पूर्ण अर्जाआधीच्या तात्पुरत्या अर्जानंतर) क्लेममध्ये सुधारणा घातली. तारीख कुठली धरतात?

प्रत्येक क्लेमची वेगळी. प्रोव्हिजनलमध्ये जे खरोखर वर्णन केलं होतं, त्यावर बेतलेल्या क्लेमला तिची तारीख मिळते. नंतर सुचलेल्या भागाच्या क्लेमला पूर्ण अर्जाची तारीख लागते, आणि मधल्या महिन्यांत कुणीही, तुम्ही स्वतःसुद्धा, जे जाहीर केलं ते त्या क्लेमविरुद्ध जातं. प्रश्न ६ मधला तिसरा क्लेम असा उशिरा सुचणारा असतो. तो सुचला की लगेच दुसरं प्रोव्हिजनल दाखल करा.

१८. ‘डी१ आणि डी२ पाहता ऑबव्हियस’ (सहज सुचणारं) एवढंच लिहून नाकारलंय. काही करता येतं का?

येतं. ॲग्रीबोर्ड प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं की नाकारताना आधीचं ज्ञान काय, अर्जातला शोध काय आणि जाणकार एकाकडून दुसऱ्याकडे कसा पोचेल, या तिन्हींची चर्चा आदेशात हवी. कलम ११७ए खाली तीन महिन्यांत अपील करता येतं. २०२१ मध्ये अपील मंडळ बंद झाल्यापासून ही अपिलं उच्च न्यायालयात जातात, मुंबई ऑफिसच्या आदेशावर मुंबई उच्च न्यायालयात.

१९. आमचं पेटंट नाही. दुसऱ्याचं आमच्या अंगावर येतंय. ते ऑबव्हियस आहे हे आम्ही कसं दाखवू?

अर्ज प्रसिद्ध झालाय पण मंजूर नाही, तोवर कलम २५(१) खाली कुणीही विरोध नोंदवू शकतं. मंजुरी प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्षापर्यंत कलम २५(२) खाली, पण तेव्हा तुमचा हितसंबंध दाखवावा लागतो. त्यानंतर कलम ६४ खाली रद्द करण्याची मागणी करता येते, आणि तुमच्यावर दावा झालाच तर हीच कारणं बचावातही घेता येतात.

पुरावा गोळा करताना तुमच्या कारखान्यातली जुनी बिलं, ग्राहकाला पाठवलेली ड्रॉइंग आणि विकलेल्या मॉड्यूलचे नमुने जपून ठेवा, कारण भारतातला वापरही इथे मोजला जातो (प्रश्न ३). आणि कागदांचा ढीग लावू नका. क्लेमच्या सर्वांत जवळचा एक कागद निवडा, उरलेला फरक एका वाक्यात लिहा, आणि तो फरक पार करायचं कारण ज्या दुसऱ्या कागदात आहे, त्याचा परिच्छेद क्रमांक द्या. असा परिच्छेद सापडत नसेल, तर ते पेटंट कदाचित योग्यच दिलेलं आहे, आणि मग वकिलाच्या फीपेक्षा लायसन्सची बोलणी किंवा डिझाइन बदलणं स्वस्त पडतं.